शिंपल्याचा खळगा

एकदा एका खडकाळ बेटावर एक म्हातारी वैदीण राहत होती. तिच्याकडे औषधं शिकायला एक मुलगी आली. वर्ष सरत आलं, तरी दोघींचं जमेना. काढा किती आटवायचा इथपासून खिडकी उघडी की बंद इथपर्यंत रोज वाद. (मला दोघींचंही पटतं, ही माझी नेहमीची पंचाईत.)

शेवटी मुलीनं बोचकं बांधलं. म्हातारी तिच्याबरोबर किनाऱ्यापर्यंत आली. "बाई, मी पलीकडच्या वैद्यांकडे जाते. ते फार शांत आहेत म्हणे."

"जा की. माझेही कान निवतील. जाता जाता एक कर. या खडकावरचा एक शिंपला अलगद उचल आणि होडीजवळच्या त्या गुळगुळीत दगडावर ठेव. सुखात राहील बिचारा."

ओहोटी होती. पाणी इतकं निवांत, की आभाळच खाली उतरून झोपल्यासारखं वाटत होतं. मुलीनं इवल्या टोपीसारखा तो शिंपला उचलला. आत मऊ जीव हलत होता. पण गुळगुळीत दगडावर तो बसेचना. कडेला फट राही, आतलं पाणी झिरपून जाई. एक खेकडा हळूच जवळ सरकला.

मुलीला राहवेना. ती शिंपला घेऊन मागे धावली. जुन्या खडकावर त्याच्याच आकाराचा खळगा होता. त्यात ठेवला, तरी बसेना. थोडा फिरवला. आणखी थोडा. मग असा घट्ट बसला, की फट दिसेना.

"हा खळगा कोरला कुणी?"

"त्यानंच. भरती आली की हा खडक खरवडत शेवाळ खात फिरतो. कान लावलास तर खरखर ऐकू येईल. आणि परत येऊन इथंच बसतो. बसून बसून खडक झिजतो. खडक फारच कठीण असला, तर शिंपल्याची कड झिजते. तो गुळगुळीत दगड वाईट नाही गं. पण तिथं अजून कुणी कुणासाठी झिजलेलं नाही."

"इथं मीच झिजले," मुलगी फणकारली. "तुमचं काय झिजलं?"

"मी पहाटे गाते का?"

"तुम्ही? गाता?"

"तू यायच्या आधी रोज गायचे. पहिल्याच पहाटे तू डोक्यावरून पांघरूण ओढून घेतलंस."

होडीवाल्यानं हाक मारली. मुलगी तशीच उभी. पाणी पावलांशी येत-जात राहिलं. मग तिनं हातानंच होडीवाल्याला 'जा' म्हणून खुणावलं.

"उद्या गा," ती म्हणाली. "पण हळू."

"बघू," म्हातारी म्हणाली.

एखादी जागा टोचायला लागली, की उठण्याआधी समोरचा किती झिजलाय ते बघावं. मी सहसा होडीत बसल्यावर बघते.