तिसऱ्या हाताचा हेवा

एका दुधी भोपळ्याच्या बीत, डोळ्यांना दिसणार नाही इतकी बारीक, एक शिडी होती. दोरीला पीळ द्यावा तशी पिळलेली. शिकलेली माणसं तिला डीएनए म्हणतात. दुधी गोड निघायचा की कडूजहर, ते त्या शिडीच्या पायऱ्यांवर ठरायचं.

एकेक पायरी म्हणजे हात धरून समोरासमोर उभी असलेली एक जोडी. रीत ठरलेली. अडेनीनने थायमीनलाच धरायचं, ग्वानीनने सायटोसीनला. अडेनीन-थायमीनची पकड दोन हातांची, ग्वानीन-सायटोसीनची तीन हातांची.

इथेच एका अडेनीनच्या पोटात दुखायचं. शेजारच्या पायरीवरच्या ग्वानीनचे ते तीन हात बघून ती आतल्या आत जळायची.

"काय गं, तुला तीन आणि मला दोन? मी काय उकिरड्यावरून उचलून आणलेली आहे?"

"अगं बाई, मला एवढं घट्ट धरलंय की हलता येत नाही," ग्वानीन म्हणाली. "शिडी उघडायची वेळ आली की आधी तुमच्याच दोन हातांच्या पायऱ्या सुटतात. नाहीतर बी रुजणार कशी?"

"राहू दे. स्वतःचं भरलेलं असलं की दुसऱ्याला शिकवायला बरं वाटतं."

पुढे बी मातीत पडली, पाणी प्यायली. आता एका शिडीच्या दोन व्हायच्या होत्या. पीळ सुटला, शिडी मधोमध उकलली, जुने जोडीदार आपापल्या बाजूला गेले. नवे जोडीदार दाटीने उभेच होते. त्यातला एक थायमीन अडेनीनपुढे आला.

"बाई, हात द्या."

"सरक तिकडे. दोन हात घेऊन आलाय मोठा," ती म्हणाली आणि ग्वानीनकडे निघालेल्या सायटोसीनला तिने ओढून घेतलं.

"अहो, माझी जागा पलीकडे आहे."

"गप उभा राहा."

नव्या जोड्या तपासणारी मुकादमीण पायरी न पायरी चाचपत येत होती. चुकीची जोडी हाताला लागली की ती उपटून टाकायची. ती जवळ आली तशी अडेनीनने अंग असं वाकडं केलं, की जोडी बरोबरच वाटावी. मुकादमीण फसली, पुढे गेली.

मग अडेनीनने अंग सैल सोडलं. सायटोसीनचे तीन हात समोर होते, पण तिच्या हाताशी जुळला एकच. हक्काचे दोनही गेले.

शिडी पुन्हा उकलली. सायटोसीनच्या बाजूने नवी शिडी बांधली गेली, तेव्हा त्याच्यासमोर रीतीप्रमाणे ग्वानीन येऊन उभी राहिली. जिथे अडेनीन असायची, नेमकी तिथे. अडेनीन आपल्या जुन्या बाजूला लटकून नुसती बघत राहिली.

त्या नव्या शिडीच्या नकला होत होत वेल मांडवावर चढला. दुधी लागला, दिसायला देखणा. घरच्या बाईने कापण्याआधी देठाकडची चकती चाखली आणि थुंकली.

"जाऊबाई, पोरांना देऊ नका. जहर आहे नुसतं."

"अहो, पण ह्या घराण्याचा दुधी कधी कडू निघाला नव्हता."

"आता निघाला. उपटा तो वेल."

वेल मुळासकट गेला. त्यात ग्वानीन गेली, सायटोसीन गेला, आणि जळणारी अडेनीनही गेली.

तात्पर्य: दुसरीच्या हातातलं मोजत बसलं की आपल्या हातातलं सुटतं, आणि त्याचा कडूपणा सगळ्या घराला भोवतो.