रणभैरवाचे वीस चिंचोके

राजा दुर्गभानाने पटावरचा शेवटचा माणूसही मारून टाकला, आणि मग त्याच्या लक्षात आलं की आता नदीपार न्यायला कोणीच उरलेलं नाही.

"नावाडी कुठे आहे?" राजाने विचारलं.

"आपण परवा मारलात, महाराज," गुणाजीबुवा म्हणाले.

"आणि नाव?"

"ती त्याच्याच डोक्यात घातलीत."

चंदनगडच्या दरबारात त्या वर्षी 'मोहीम' नावाच्या खेळाचं वेड होतं. चादरीएवढ्या कापडावर डोंगर, गुहा, नद्या रंगवलेल्या. प्रत्येक खेळाडूने आपला एक वीर घडवायचा. त्यासाठी वीस चिंचोके मिळत, ते चार वाट्यांत वाटायचे: बळ, बुद्धी, वाणी आणि पाय. मग म्हातारे गुणाजीबुवा पुढ्यात काय आलं ते सांगत, आणि खेळाडू आपला वीर काय करतो ते सांगे. लढाईचा निकाल कवड्या टाकून लागे.

राणी हेमांगीला वीर घडवणं आवडे. तिच्या वीराला नाव होतं, कुळ होतं, सात आत्या होत्या. तीन महिने झाले तरी तो अजून घराबाहेर पडला नव्हता. कमरपट्टा कोणता ते ठरायचं होतं. प्रधान त्रिंबकपंतांना भटकायला आवडे. त्यांचा वीर प्रत्येक गुहेत डोकावून येई आणि समोर ससा आला तरी पळून जाई.

राजाला फक्त लढाई आवडे. त्याच्या वीराचं नाव रणभैरव. वीसच्या वीस चिंचोके बळाच्या वाटीत! वाट विचारायची तरी रणभैरव आधी तलवार काढी.

आता जिथे पोचायचं तो खजिना नदीपलीकडे, आणि रणभैरव अलीकडे.

"पोहून जातो," राजा म्हणाला.

"पोहायला पायांच्या वाटीत सहा चिंचोके लागतात. आपले शून्य."

"मग ही नदी पुसून टाका!"

"नदी पुसली तर तो खेळ राहत नाही, महाराज," गुणाजीबुवा म्हणाले. सारा जन्म त्यांनी हा पट सांभाळला होता, त्यामुळे जीभ जरा लवकर चालली.

राजाचा चेहरा लाल झाला. "मग ऐका, बुवा! उन्हं कलायच्या आत रणभैरव पलीकडे गेला पाहिजे. त्याचा एक चिंचोकाही आम्ही हलवणार नाही. कोणाची मदत घेणार नाही. आणि लढाईशिवाय दुसरं काही करणार नाही! नाही जमलं, तर हा पट चुलीत आणि तुम्ही राज्याबाहेर."

बुवा पटाकडे बघत राहिले. राणीने कमरपट्ट्याचा विचार थांबवला. प्रधान हळूच दाराकडे सरकले.

राजामागे केवडा नावाची दासी पंखा घेऊन वारा घालत होती. तिने तीन महिने रोज हा खेळ ऐकला होता. रणभैरवाने पहिल्याच दिवशी एका भिकाऱ्याला मारलं, तेव्हा तिला फार वाईट वाटलं होतं. भिकाऱ्याचा आवाज बुवांनी छान काढला होता. आता तो आवाज राज्याबाहेर जाणार होता. तिचा हात थांबला.

"वारा का थांबला?" राजा गरजला.

"एक विचारू, महाराज? लढाईत समोरचा शरण आला, तर त्याच्या चिंचोक्यांचं काय होतं?"

"मला काय ठाऊक? आमच्यासमोर कोणी तेवढा वेळ जगलंच नाही!"

"जिंकणाऱ्याला मिळतात," बुवा म्हणाले. "मग तो ते हव्या त्या वाटीत टाकू शकतो. मारलं, तर चिंचोके खेळाबाहेर जातात."

"मग महाराजांनी आणखी एक लढाई करावी," केवडा म्हणाली.

"कोणाशी? सगळे मेले! राणीसाहेबांचा घराबाहेर पडत नाही, प्रधानांचा हाती लागत नाही!"

"रणभैरव आहे ना."



"रणभैरवाने रणभैरवाशी लढायचं?" राजाने डोळे बारीक केले. "आणि हरणार कोण?"

"रणभैरव."

"रणभैरव कधी हरत नाही!"

"दुसऱ्या कोणाकडून नाहीच हरणार, महाराज. त्याला हरवील असा एकच वीर आहे."

राजाने मिशीवरून हात फिरवला. मुद्दा त्याला पटला होता. "पण शरण? आम्ही कोणाला शरण जात नाही!"

"कोणाला नाही. फक्त आपल्याला. आपल्याला तर सारं राज्यच शरण जातं."

"आणि आम्ही त्याला ठारच मारलं तर?"

"तर महाराज जिंकतील," केवडा म्हणाली, "पण जिंकलेले महाराज मेलेले असतील."

 राजाने कवड्या उचलल्या. एकदा स्वतःसाठी टाकल्या, एकदा स्वतःविरुद्ध. लढाई घनघोर झाली. शेवटी राजाने छाती फुगवून सांगितलं, "रणभैरवा, तू शरण आलास, तुला जीवदान दिलं!" आणि लगेच, पडेल आवाजात, "उपकार झाले, महाराज."

केवडाने बळाची वाटी पटावर उपडी केली.

"अगं!" राजा ओरडला. "एकही चिंचोका हलवायचा नाही म्हटलं होतं!"

"हे आपले जुने नव्हेत, महाराज. ही लढाईत जिंकलेली लूट आहे. कुठल्या वाटीत टाकू?"

राजाने बुवांकडे पाहिलं. बुवांनी मान डोलावली. नियम म्हणजे नियम. सहा चिंचोके पायांत पडले, उरलेले चौदा पुन्हा बळात. कोणाच्या मदतीवाचून, निव्वळ लढाई करून रणभैरव नदीत उतरला आणि पोहत पलीकडे गेला.

आधी राजाचं पोट हललं, मग खांदे, आणि मग तो इतक्या मोठ्याने हसला की कवड्या उडाल्या. "आम्हाला आम्हीच हरवलं! बुवा, पट तुमचा, दरबार तुमचा, आजपासून घरही गडावर! आणि तू गं पोरी? आम्हाला लढायला आवडतं, राणीसाहेबांना घडवायला, प्रधानांना भटकायला. तुला काय आवडतं?"

"मला बसायला आवडतं, महाराज. सकाळपासून उभी आहे."

राजा पुन्हा हसत सुटला. त्याने स्वतः सरकून पटापाशी जागा केली, वीस चिंचोके तिच्या ओंजळीत ओतले आणि पंखा प्रधानांच्या हातात दिला.