जहागीरदारांचा जप

भैरवराव जहागीरदारांना मंत्रजपाचे पुण्य हवे होते, पण मांडी घालून बसायला त्यांचे पोट परवानगी देत नसे. म्हणून देवळामागे त्यांनीच दिलेल्या घरात राहणारे विसूभट त्यांच्या नावाने संकल्प सोडून देवळात जपाला बसत, आणि जहागीरदार चारचौघांत "आमचा जप चालू आहे" असे सांगत.

एका दुपारी पाहुण्यांना हा जप दाखवायला ते देवळात आले, तर विसूभट आसनावर चक्क घोरत होते.

"भटजी, उद्याच्या उद्या देवळामागचं घर रिकामं करा!" जहागीरदार गरजले.

नैवेद्य घेऊन आलेली विसूभटांची बायको दारातच थबकली.

विसूभटांनी डोळे चोळले. "सरकार, संकल्प आपल्या नावाचा. या आसनावर जे घडतं, ते आपल्या खात्यावर. तेव्हा डुलकीही आपलीच. ती माझी म्हणत असाल, तर आजवरचा जपही माझाच."

पाहुणे हसू दाबू लागले. जहागीरदारांनी क्षणभर आपल्या पुण्याचा विचार केला.

"आमचाच जरा डोळा लागला होता," ते म्हणाले. "चालू द्या."

ते गेल्यावर बायकोने नैवेद्य देवापुढे ठेवला.

"अहो, आता घरी चला," ती म्हणाली, "आणि जरा स्वतःच्या नावाने झोपा."