पिराजीची आढी

एका गावात एक भोळा तरुण होता, पिराजी. आळशी नव्हता, हट्टी नव्हता, नुसता भोळा. त्याला 'का?' विचारायची भारी खोड. त्याची आई सगुणाबाई बिचारी प्रत्येक 'का?'चं उत्तर द्यायची. तिथंच सगळं बिघडायचं.

तिला एकच घोर लागला होता, तो याच्या लग्नाचा. शेजारच्या गावचे आबाजी आपली लेक द्यायला तयार होते, पण आधी ते नवरदेव बघायला येणार होते. "त्ये येऊन जाईपर्यंत तरी नीट वाग रं," आई म्हणाली. पिराजीनं ते मनावर घेतलं.

"आई, माठाला ओलं फडकं का गं गुंडाळतीस?"

"वाऱ्यानं फडकं सुकतं. सुकताना आतली उष्णता घेऊन जातं. म्हणून पाणी गार."

पिराजीला पटलं. दुपारी खुडूक कोंबडी अंड्यांवर बसलेली दिसली. त्यानं अंड्यांना हात लावून पाहिला, तर चांगलीच गरम! त्याला दया आली. कोंबडीला हुसकून त्यानं अंडी ओल्या फडक्यात बांधली आणि वाऱ्यावर टांगली. कोंबडीनं घर डोक्यावर घेतलं.

"आरं मेल्या, अंड्याला ऊब लागती! उबंत जीव धरतो. झाकून ठिवायचं."

"आलं ध्यानात."

दुसऱ्या दिवशी आईनं लोण्याचा गोळा त्याच्या हाती दिला. पिराजीनं तो गोधडीत गुंडाळून चुलीशेजारी ठेवला. संध्याकाळी लोणी कुठंच नव्हतं आणि गोधडी हातातून निसटत होती.

"लोणी पाण्यात ठिवत्यात रं! गार ऱ्हातं, हवा लागत न्हाई, खवट होत न्हाई."

"मग आधी सांगायचं."

मग पाहुण्यांच्या पुरणपोळीसाठी गुळाची ढेप आणली. ती पिराजीनं रांजणात सोडली. पुरणपोळी राहिली. म्हशीला मात्र ते पाणी फार आवडलं.

आईनं हात टेकले. आता पाहुण्यांना आमरस करायचा ठरला. कच्च्या आंब्यांची आढी तिनं गोठ्यात स्वतःच लावली, पिराजीला हातही लावू दिला नाही. खाली गवत, वर गवत, त्यावर गोणपाट.

"मधी ह्यो पिकलेला कशाला?"

"पिकल्या आंब्यातनं वायू निघतो. डोळ्यांला दिसत न्हाई, पण त्याच्यानं शेजारचे कच्चे पिकत्यात. मधनंमधनं दाबून बघायचं."

पिराजी रोज बघत होता. आंबे खरंच पिवळे झाले. आईचं म्हणणं खोटं नव्हतं.

आबाजी आले. पांढऱ्याशुभ्र भरघोस मिशांचा माणूस. आमरस ओरपून झाल्यावर त्यांनी पिराजीला नीट न्याहाळलं.

"पोरगा गुणी हाय, सगुणाबाई. पर वठावर मिसरूड न्हाई अजून. अगदीच पोरसवदा. जरा मोठा दिसाय लागला की मग बघू."

आईचा चेहरा पडला. आबाजी गोठ्याशेजारच्या पडवीत घोंगडीवर आडवे झाले आणि घोरायला लागले. डोळे पुसत ती विड्याची पानं आणायला शेजारी गेली. आईचे डोळे भरलेले बघून पिराजीला फार वाईट वाटलं. काहीतरी करायलाच हवं होतं.

आई परतली तर पडवीत आबाजींचा पत्ता नाही. जोडे होते, पागोटं होतं. घोंगडीच्या जागी गवताचा ढीग, त्यावर गोणपाट. आणि ढीग घोरत होता.

तिनं गोणपाट ओढलं. आत पिराजी आबाजींना बिलगून पडला होता, ओठ त्यांच्या मिशांना भिडवून.

"झाक, आई, झाक! वारा लागंल!"

आबाजींच्या नाकात गवताची काडी गेली. ते शिंकून जागे झाले. गळ्यात होऊ घातलेल्या जावयाचा हात बघून त्यांनी जी उडी मारली, ती थेट अंगणात. मिशांत गवत घेऊन, अनवाणीच ते वेशीकडं पळत सुटले.

पिराजी त्यांच्यामागं धावत ओरडत होता, "आबा, माघारी फिरा! माझी एकच बाजू पिकलीया!"