कागदावरचा कप्तान

“बाबा, कप्तान कुणाला करू? देवण्याला, का आमच्या धैर्याला?”

थांबा. गोष्ट हितंच धरून ठिवा जरा.

हिचा शेवट तुमी वळखायचा. आत्ताच मनात पक्का करा, आन् मग बदलायचा न्हाई. लई शाणी शाणी माणसं हितं तोंडावर पडल्यात. एक वकील तर दोनदा पडला, दुसऱ्यांदा ऐकताना. तुमाला वाटंल, भावाभावांची गोष्ट हाय, म्हंजे शेवटाला एक रडंल आन् दुसरा मिठी मारंल. वाटू द्या.

हां. तर विचारणारा इंद्रजित मेथे. कोल्हापुरात चाफेगल्लीत गणिताची शिकवणी घ्यायचा. चालतानाबी मनात बेरीज कराय लागल्यागत तोंड. काखेत कायम एक निळी वही.

आन् ज्याला विचारलं त्यो दस्तगीरबाबा. फकीर माणूस. मैदानाच्या पूर्वेच्या गोलमागं एका पीराची तुरबत हाय, तिच्या कट्ट्यावर बसायचा आन् तालमींचं उसवलेलं फुटबॉल शिवायचा. हितं फुटबॉलच्या टीमलाबी तालीमच म्हणतात. चाळीस वर्षांत एक मॅच चुकवली न्हाई. अक्षरवळख न्हाई. पण मोठमोठे कोच जाता जाता त्याच्याम्होरं उकिडवं बसायचे.

बाबानं सुईत दोरा ओवला. 

आता हे कप्तानाचं काय, ते सांगतो. चाफेगल्लीतली पोरं फुटबॉल खेळतात मैदानात, आन् गुडघं गेलेली, पोट सुटलेली मंडळी खेळतात कागदावर. सगळ्या तालमींतनं पसंतीचं अकरा गडी निवडायचं, चिठ्ठीवर लिवायचं. त्या गड्यानं मैदानात गोल मारला, का आपल्याला कागदावर पाच पॉईंट. कीपरनं पेनल्टी अडवली तरी पाच. अकरांतला एक आपला कप्तान, त्याचं पॉईंट डबल.

कप्तान दर मॅचला बदलता येतो. पण मॅचच्या आदी तासभर त्याचं नाव चहाच्या गाड्याजवळच्या फळ्यावर खडूनं लिवायला लागतं. एकदा लिवलं का पुसायचं न्हाई. सगळी पेठ वाचती. खेळणारी पोरंबी वाचतात, आन् आपलं नाव कुणी घातलं न्हाई ते ध्यानात ठेवतात.

मोसम संपला, का जो वर त्याला मैदानातच फेटा बांधतात. पैसा न्हाई, कप न्हाई. नुसता फेटा.

त्या फेट्यापायी इंद्रजित दोन वर्षं झुरला हुता. दोन्ही वर्षं दुसरा. आन् दोन्ही वर्षं पयला कोण, तर पोपट मिस्त्री, ज्याला पॉईंट मोजायला दोन्ही हातांची बोटं लागायची.

मिस्त्रीचं डोकं सोपं हुतं. मोसमभर त्याचा कप्तान एकच, आपल्या तालमीचा कीपर. का, तर गोलचं खांब मिस्त्रीनं रंधलेलं. त्या खांबात जो उभा ऱ्हाईल त्यो आपला.

औंदा त्या खांबात उभा हुता धैर्यशील. इंद्रजितचा धाकटा भाऊ. एकोणीस वर्षांचा, तालमीच्या मोठ्या टीममधी पयलंच वर्ष.

आन् औंदा फायनल कुणात, तर चाफेगल्ली आन् पाणकुंड. पाणकुंडात हर्षल देवणे. मोसमात चौदा गोल. त्याच्या पायात बॉल आला का चाफेगल्लीच्या बायका गॅलरीतनं आत जायच्या.

कागदावर इंद्रजित मिस्त्रीच्या दोन पॉईंट म्होरं. शेवटची एकच मॅच ऱ्हायलेली.

“सांगा की बाबा,” इंद्रजित म्हणाला.

बाबानं विचारलं, तुझी वही काय म्हणती.

मग काय, इंद्रजित सुटला. म्हणाला, मोसमाच्या शेवटाला जो म्होरं असतो त्यानं गप मागच्याचाच कप्तान आपला करावा. मिस्त्री धैर्याला करणार, हे शेंबडं पोरगंबी सांगंल. आमच्या दोघांच्या चिठ्ठीवर अकरा नावं तीच. मीबी धैर्यालाच केलं, तर त्याला मिळंल तेवढंच मला मिळंल, दोन पॉईंट जागच्या जागी ऱ्हातील, फेटा माझा.

“मग कर की.”

“केला असता...”

“पण?”

इंद्रजितनं वहीवर हात फिरवला. म्हणाला, मग पेठ म्हणंल, भावाच्या मायेनं जिंकला. मिस्त्रीचं बघून जिंकला. दोन वर्षं वही लिवली ती कशाला? वही म्हणती देवणे. वहीनं जिंकायचं हाय मला.

“म्हंजे ठरवूनच आलाईस.”

“तुमचं मत...”

“ठरवून आलेल्याला मत देत न्हाई मी. दोरा वाया जातो.”

इंद्रजितला राग आला. असा माणूस रागावला का जादा बोलतो. त्यानं वही उघडली आन् बाबाच्या नाकाफुडं धरली. बाबाला वाचता येत न्हाई, हे त्याला ठाऊक हुतं, तरी धरली.

“हे बघा. देवण्यानं औंदा नऊ पेनल्ट्या मारल्या. नऊच्या नऊ कीपरच्या उजव्या अंगाला, खाली, खांबाला लागून. पळत येताना कीपरच्या डावीकडं बघतो, मारतो उजवीकडं. अख्ख्या कोल्हापुरात हे कुणालाच ठाऊक न्हाई. फक्त ह्या वहीला.”

बाबानं टाका घातला. दोरा वढला.

“धैर्याला सांगितलंस?”

“त्यानं विचारलं न्हाई,” इंद्रजित म्हणाला.

“पेनल्टीचं मी तरी कुठं विचारलं हुतं?”

समोर मैदानावर पाण्याचा टँकर फिरत हुता. धुरळा बसत हुता. इंद्रजितनं वही मिटली.

मग म्हणाला, त्याला सांगितलं, आन् पेनल्टी झाली, आन् त्यानं अडवली, तर कप्तान देवणे असताना माझा फेटा गेला.

बाबानं दुसरा टाका घातला.

तीन वाजता इंद्रजितनं फळ्यावर लिवलं, कप्तान देवणे. मोठ्या, मास्तरी अक्षरात. पेठंतल्या कुणीबी आजवर फायनलला समोरच्या तालमीचा गडी कप्तान केला न्हवता. मिस्त्रीनं ते वाचलं, चहाचा घोट गिळला, आन् म्हणाला, “इंदर, घरी जेवायला मिळतंय न्हवं तुला अजून?”

माणसं हसली. तेवढ्यात धैर्या तिथनं चालला हुता, बूट गळ्यात अडकवून. त्यानंबी फळा वाचला. हसला न्हाई, चिडलाबी न्हाई. इंद्रजितकडं बघून त्यानं नुसती मान हलवली आन् आत गेला.

तवाच सांगायचं हुतं. दोन पावलं हुती मधी. इंद्रजित म्हणाला, मॅचच्या आदी पोराचं डोकं कशाला फिरवा. असं त्यो स्वताला म्हणाला, आन् स्वताला ते पटलं.

चारला मॅच सुरू झाली. इंद्रजित बाबाशेजारी कट्ट्यावर, पूर्वेच्या गोलमागं. पयल्या हाफला दोघांचा एक एक गोल झाला, पण मारणारं गडी कुणाच्याच चिठ्ठीवर न्हवतं. कागदावर सगळं हुतं तिथंच.

दुसऱ्या हाफला धैर्या पूर्वेच्या गोलमधी आला. भावाची पाठ इंद्रजितच्या म्होरं, धा हातावर.

पाच मिनटं ऱ्हायली असताना चाफेगल्लीच्या एका गड्यानं देवण्याला आडवा पाय घातला. शिट्टी. पेनल्टी.

मैदान असं गप झालं का चहावाल्याचा स्टोव्ह ऐकू याय लागला.

आता बघा. पेनल्टी बसली, तर इंद्रजितचा फेटा, आन् चाफेगल्लीची फायनल गेली, आन् धाकट्याचं पयलं वर्ष मातीत. धैर्यानं अडवली, तर तालीम वाचली, धाकटा खांद्यावर, आन् फेटा तिसऱ्यांदा मिस्त्रीच्या डोक्यावर. सगळं एका बॉलवर. आन् त्यो बॉल कुठं जाणार, हे फक्त एकाला ठाऊक.

देवण्यानं बॉल ठेवला. मोजून मागं गेला.

धैर्यानं मागं वळून बघितलं. भावाकडं. का बघितलं, ते त्यालाबी सांगता आलं नसतं.

इंद्रजितचे दोन्ही हात मांडीवर. बाबा मैदानाकडं बघतच न्हवता. त्यो त्या हातांकडं बघत हुता.

...

तुमी काय ठरवलंय मनात? हात उचलला न्हाई, असंच न्हवं?

उचलला. उजवा. चांगला खांद्याच्या वर. भाऊ परत मैदानाकडं वळला का दोघांची तोंडं एकाच बाजूला, भावाचा उजवा त्योच ह्याचा उजवा, तवा चुकायला जागाच न्हवती. दोन वर्षांचा फेटा त्यानं त्या हातानं सोडून दिला. वही मांडीवरनं खाली पडली, तीबी उचलली न्हाई.

झालं, म्हणाल. भाऊ तिकडं उडी मारणार, बॉल धरणार, आन् मिठी.

वकीलबी असंच म्हणाला हुता.

धैर्यानं हात बघितला. चांगला बघितला. मग त्याची नजर भावाच्या डोक्यावरनं पल्याड गेली, चहाच्या गाड्याकडं. फळ्याकडं. कप्तान देवणे. मोठी मास्तरी अक्षरं हुती, लांबनंबी वाचता याय लागली हुती.

मग त्यो म्होरं वळला, गुडघ्यात वाकला.

देवणे पळत आला. डावीकडं बघितलं.

धैर्यानं डावीकडं उडी मारली. अशी मारली का तसली उडी चाफेगल्लीत कुणी बघितली नसंल. आख्खा आडवा, बोटं खांबाला लागली.

बॉल उजवीकडनं गेला. खाली, खांबाला लागून. जोरातबी न्हवता. पोरानंबी पायानं अडवला असता.

मॅच संपली. पाणकुंडवाले नाचत गेले. आन् चाफेगल्लीचा रिवाज पडला रिवाज, हरू द्या न्हाईतर जिंकू द्या, फेटा तर बांधायलाच लागतो. मिस्त्रीनं स्वता बांधला. सात पॉईंटांनी म्होरं हाईस, म्हणाला, बोटं मोजून. घट्ट बांधला, सुताराचा हात. टाळ्या पडल्या, पण मोजक्याच.

तेवढ्यात धैर्या आला. एका अंगाला कोपरापास्नं गुडघ्यापातूर सोललेला, माती लागलेली.

“दादा, फेटा शोभतोय.”

“धैर्या, मी उजवा हात केला हुता.”

“बघितला की.”

“मग?”

धैर्यानं बुटातली खडी झटकली.

“दादा, एक सांग. रागावत न्हाई मी. मला फसवायचं असतं, तर कुठला हात केला असतास?”

“डावा...”

“मला वाटलं, उजवा.”

एवढंच बोलला. आवाजात राग न्हवता, कुरकुर न्हवती. वाट विचारणारा माणूस उत्तर मिळाल्यावर जातो, तसा गेला.

इंद्रजित कट्ट्यावर येऊन बसला. फेटा डोक्यावर तसाच. पेठ रिकामी झाली, चहावाल्यानं फळा उताणा टाकला, मैदानावर दोन कुत्री एकमेकांच्या मागं पळाय लागली. बाबा नव्या बॉलाला टाके घालत हुता.

“बाबा, मी खरं सांगितलं हुतं.”

“व्हय. बघितलं मी.”

“मग त्याला कवा पटंल?”

बाबानं दोरा दातानं तोडला.

“लगेच पटंल. आजपास्नं त्याला उजवीकडचं खरं सांगायचं झालं, का डावा हात करत जा.”