बर्फावरची पाटी

लई जुनी गोष्ट हाय. पार दक्षिणेच्या टोकाला बर्फाचा एक लांबलचक पट्टा व्हता. नदीवानी, पर हळूहळू, दिसाला हातभर समुद्राकडं सरकायचा. एकदा जहाजातनं मान्सं आली. त्यांनी बर्फात खांब ठोकला, आपल्या साहेबाच्या नावाची पाटी लावली अन् निघून गेली. साहेबानं तिकडं पाऊलबी टाकलं न्हाई, पर पाटीला लई चढली.

एक पेंग्विनीण पिल्लाला घिऊन त्या पाटीच्या आडोशाला ऱ्हायली. एक दिस खालनं बर्फ कण्हला, "बाई, ऊठ. मी हितं फुटनार हाय."

"गप रं!" पाटी खेकसली. "बाई, तू बस. नकाशात ही जागा साहेबाच्या नावानं मांडलीया. हलंल कशी?"

पेंग्विनीण म्हनली, "पाटीबाई, त्यो काठावरचा काळा खडक परवा म्होरं व्हता. आता मागं गेलाय."

"मग खडक चालत आसंल!"

तेवढ्यात त्यांच्या मागं कडाडकन भेग पडली. पिल्लू भिऊन खांबाला चिकटलं. पेंग्विनिणीनं त्याला चोचीनं ढोसलं. "मुडद्या, मार उडी!"

पिल्लू पडत-झडत पल्याड गेलं, मागनं ती. भेग रुंदावली, अन् पाटीसकट बर्फाचं टोक तुटून समुद्रात सुटलं.

"आरं, आडवा मला!" पाटी वरडली. "मी गेले तर ह्या बर्फाला नाव काय ऱ्हाईल?"

बर्फ म्हनला, "पिल्लू वाचलं न्हवं? मग नाव जा घिऊन."