तिसरा खांब

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की ती ज्या राज्यात घडली त्याचे नावही आता कुणाच्या तोंडी उरलेले नाही. एवढेच ठाऊक आहे, की त्या राज्याच्या सीमेवर एक घाट होता आणि घाटापलीकडच्या लोकांची बोली निराळी होती. इकडच्याचे तिकडच्याला कळत नसे. म्हणून राजाने दोन दुभाषे ठेवले होते, म्हातारा वामदेव आणि तरुण सगुणा.

वामदेवाच्या हाती हुकमाचे पत्र आले, की तो दार लावून घ्यायचा. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत तीनदा वाचायचा. कुठे अडले तर लिहिणाऱ्याच्या घरी जाऊन विचारायचा. सगळे जुळले की मग सबंध मजकूर पलीकडच्या बोलीत ताम्रपटावर कोरून द्यायचा. तो पट मिळाला की पलीकडच्यांना दुभाष्याची गरजच उरत नसे. पण मिळेपर्यंत माणूस ताटकळून जाई.

सगुणा काहीच कोरत नसे. ती दोन माणसांच्या मधे उभी राही. इकडून एक वाक्य आले, की तिकडे एक वाक्य देई.

घाटाच्या नाक्यावर आधी वामदेवाचे पट टांगलेले असत. पण नाक्यावर रोज नवी माणसे, रोज नवे प्रश्न. एकदा दरड कोसळून वाट बदलली. पटावरची एक ओळ बदलायची, तर वामदेव सबंध पट नव्याने घडवायला बसला. चार दिवस वाटसरू जुन्या वाटेने जात होते आणि दरड पाहून परत येत होते. शेवटी राजाने नाका सगुणेकडे दिला. ती आली आणि रांग हलली. कुणी मिठाचा भाव विचारी, कुणी वैद्याचे घर. विचारले की सांगितले, बदलले की बदलून सांगितले.

लोक म्हणू लागले, "वामदेवाचं म्हणजे वरातीमागून घोडं!" सगुणाही हसायची. आपण तिला फार दोष देऊ नये. ऐन पंचविशीत जीभ चालू लागली, की पाय जमिनीवर राहणे कठीणच.

त्या राज्यात एक मोठे तळे होते आणि तळ्याच्या बांधाखाली चाळीस घरांची वाडी. बांधातून पाणी सोडायच्या मोरीचे जुने लाकडी दार कुजत आले होते. ते गेले असते तर वाडी गेली असती. नवे दार बसवायचे होते आणि भरल्या पाण्यात असले काम करणारी माणसे घाटापलीकडेच होती. कसे करायचे ते राजाच्या स्थपतीने बारा ओळींत लिहून ठेवले होते, आणि स्वतः तो दुसऱ्या कामावर दोन दिवसांच्या वाटेवर गेला होता.

वामदेव म्हणाला, "महाराज, आठ दिवस द्या. काही विचारावं लागलं तर जाऊन यायलाच चार जातील."

राजा म्हणाला, "मुहूर्त परवाचा आहे."

सगुणा पुढे झाली. "महाराज, मी बांधावर उभी राहते. एक ओळ वाचीन, एक काम होईल. बारा ओळींना आठ दिवस कशाला?"

राजाला ते पटले. घाईतल्या माणसाला काय पटत नाही?

मुहूर्ताला पलीकडची वीस माणसे बांधावर आली. त्यांचा म्होरक्या बिरप्पा. त्याने हत्यार खाली ठेवले आणि सगुणेसमोर मांडी घातली. त्यांच्याकडची रीतच तशी होती. म्होरक्याने सबंध काम कानांनी ऐकल्याशिवाय कुणी पहार उचलायची नाही.

"बाई, आधी शेवटापर्यंत सांग," तो म्हणाला. "मग उठतो."

सगुणेने वर पाहिले. राजा छत्राखाली बसला होता. मुहूर्ताची घटका भरत आली होती.

"पुढचं पुढे, बिरप्पा. वेळ आली की सांगतेच आहे मी."

बिरप्पाने छत्राखालच्या राजाकडे पाहिले. मग उठला.

पहिला खांब रोवला. दुसरा रोवला. दोन्ही खांबांच्या मधे फळ्या ठोकून पाण्याला आडोसा झाला. काम झरझर चालले होते आणि सगुणेचा आवाज खणखणीत होता. सातवी ओळ आली: जुने दार काढा. काढले; कुजलेले ते तुकडे तुकडे होऊनच निघाले. आठवी आली: आडोसा अर्धी घटकाच टिकेल, त्वरा करा. मग तिने नववी वाचली: तिसऱ्या खांबावर टांगलेले नवे दार खाली सोडा.

बिरप्पाने मान वळवली. "तिसरा खांब कुठाय?"

सगुणेने पत्र वर-खाली चाळले. तिसरा खांब रोवायचे कुठेच लिहिलेले नव्हते. स्थपतीच्या हातून एक ओळ सुटली होती. नवे दार गवतावर आडवे पडले होते, खांब रोवायला वेळ उरला नव्हता आणि आडोशाच्या फळ्या करकरू लागल्या होत्या.

तिची जीभ मात्र अडली नाही. तिने पत्र फेकले आणि दोन्ही बोलींत ओरडली, "वाडीकडं पळा! घरं रिकामी करा! माणसं वर काढा!" माणसे धावली. बिरप्पा मात्र फळ्यांना पाठ लावून उभा राहिला. "जा तुम्ही," एवढेच तो म्हणाला.

तो उभा होता तेवढ्या वेळात चाळीसच्या चाळीस घरांतली माणसे टेकडीवर पोचली. मग फळ्या फुटल्या. वाडी वाहून गेली, आणि बिरप्पाही.

राजा मान खाली घालून उठला. गर्दीतून वामदेव सगुणेजवळ आला. तिला वाटले, आता हा बोल लावणार. तो म्हणाला, "नाक्यावर मी असतो तर माणसं ताटकळली असती. इथं मी असतो तर तिसरा खांब विचारला असता. प्रत्येकाची जागा असते, पोरी."

बिरप्पाच्या घरी निरोप द्यायला सगुणा एकटीच घाट चढून गेली. आजवर तिने हजारांचे शब्द इकडचे तिकडे केले होते. त्या दिवशी शब्द तिचे स्वतःचे होते. बिरप्पाच्या बायकोने सगळे ऐकून घेतले. मग तिने एकच विचारले, "आधी शेवटापर्यंत सांग, असं म्हणाले असतील ना ते?"

"म्हणाले होते," सगुणा म्हणाली, आणि तिला रडू आवरेना.

पुढे सगुणा म्हातारी होईपर्यंत नाक्यावरच होती. तिथे ती पूर्वीसारखीच विचारल्याबरोबर उत्तर देई. पण बांधाचे, पुलाचे, विहिरीचे पत्र आले, की ते घेऊन वामदेवाच्या दारी जाई, आणि तो गेल्यावर स्वतःच दार लावून तीनदा वाची. राजा खोळंबला तरी ती उठत नसे. नवी मोरी बांधली तेव्हा तिसऱ्या खांबावर तिने बिरप्पाचे नाव कोरून घेतले.

तात्पर्य: रोज बदलणारे काम बोलता बोलता करावे, पण जे मागे फिरवता येत नाही, त्याची पहिली ओळ शेवटची ओळ वाचल्याशिवाय उच्चारू नये.